मदत हवी आहे: ट्रेलसाठी (डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी) सायकलचा मागचा टायर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. सायकल हार्डटेल (मागे सस्पेंशन नाही), चाकं २९ इंची, रिमची आतली रुंदी २५ मिमी, टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नाही). पुढे मॅक्सिस फोरकास्टर २.३५ (इंच रुंद) आहे, तो ठेवायचाय. मागच्या २.२५ टायरचे मधले नॉब (रबरी उंचवटे) निम्मे झिजलेत, कडेच्या नॉबना मुळाशी चिरा पडल्यात. त्यामुळे चढावर उभं राहून पेडल मारलं की चाक जागीच फिरतं. फ्रेममध्ये २.४ बसतो, चिखलासाठी दोन्हीकडे ६ मिमी उरतात. सामानासकट वजन ७८ किलो, मागे हवेचा दाब २५ पीएसआय.

वापर पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर: सुटा मुरूम, टोकदार बेसाल्ट, बाभळीचे काटे, शिवाय तिथवर डांबरी रस्ता. काट्यांची चिंता नाही, ते भोक सीलंट (टायरच्या आतलं द्रव) बुजवतं. खरा घात साइडवॉल (टायरची बाजू) दगडाने चिरण्याचा. म्हणून हलका क्रॉसकंट्री टायर नकोच.

मॅक्सिस रेकॉन २.४ की श्वाल्बे नॉबी निक २.४? रेकॉनचे नॉब बुटके, डांबरावर पळेल; पण पावसाळ्यातल्या चिकट मातीत ते भरून बसतील असं वाटतं. नॉबी निकचे उंच, पण रस्त्यावर जड. अशा दगडांवर मॅक्सिसचं एक्सो केसिंग (बाजूंना संरक्षक थर असलेला टायरचा सांगाडा) पुरतं का, की वजन सोसून त्याहून मजबूत एक्सो प्लस घ्यावं? आणि २५ मिमी रिमवर २.४ वळणात लचकतो का? वापरणाऱ्यांनी हवेच्या दाबासकट सांगा.