कोळंबी-माकूल घातलेल्या नूडल्स सासऱ्यांना चालतील का?

नेरुळची सून
रविवारी दिवाळे गावाहून कोळंबी आणि माकूल (स्क्विड) आणून मुलांना हाका नूडल्स करते. आता सासरेही मागतात. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, कोलेस्टेरॉल थोडं वर. नणंद म्हणते, कोळंबी बंदच करा. चौघांचं प्रमाण: नूडल्स २०० ग्रॅम, सोललेली कोळंबी पाव किलो, दोन माकूल, कोबी, गाजर, पातीचा कांदा, चार मोठे चमचे तेल, तीन मोठे चमचे सोया सॉस.

चेंदणीची मावशी
अगं, कोळंबीला कशाला दोष? तुझ्या कढईत सगळ्यात चांगली तीच आहे. १०० ग्रॅम कोळंबीत साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि चरबी जेमतेम एक-दोन ग्रॅम. शिवाय बी-१२, आयोडीन, सेलेनियम. कोलेस्टेरॉल तिच्यात आहे, दीडशे मिलिग्रॅमच्या वर, माकूलात त्याहून जास्त. पण बहुतेकांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल त्यापेक्षा तूप, लोणी, मटणाच्या चरबीनं अधिक वाढतं.

मला काळजी वाटते ती सोया सॉसची. एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. तुझ्या तीन चमच्यांतून माणशी पावणेसातशे जातं, तेही नूडल्स उकळतानाचं मीठ न धरता. बीपीवाल्या माणसाला हे फार झालं.

तेल माणशी एक मोठा चमचा, म्हणजे १२० कॅलरी. नूडल्सच्या पावणेदोनशे. मासळी-भाजी धरून ताट चारशेच्या आसपास जातं. वाईट नाही, पण मैदा कमी करून कोबी दुप्पट घाल.

मी कोळंबीची डोकी-सालं आलं-लसणीसोबत उकळते, गाळते आणि ते पाणी कढईत सोडते. मग सॉस एकच चमचा पुरतो, वरून मिरपूड आणि लिंबू. माकूल मोठ्या आचेवर दोनच मिनिटं, नाहीतर चिवट होतं.

कोपरीकर
युरिक ॲसिड किती आहे? गाऊट (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) असेल तर कोळंबी-माकूल डॉक्टरांना विचारूनच.

नेरुळची सून
नाही, ते ठीक आहे. मावशी, जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा फ्रोझन कोळंबी चालेल?

चेंदणीची मावशी
चालेल, पण पाकिटावरचं सोडियम वाच. पाणी धरून ठेवायला कधी फॉस्फेट घालतात, त्यातूनही सोडियम येतं. तळ्यातली ताजी मिळाली तर तीच घे. आणि सासऱ्यांचा वाटा सॉस घालण्याआधीच बाजूला काढ, मुलांना हवा तसा सॉस नंतर घालून परतून घे.