नागपूर-मुंबई विमानाला नेमका किती वेळ धरायचा? आज रात्री तिकीट काढायचं आहे

कापूसपट्टी: अंतर कुठे ६८५ किमी दाखवतं, कुठे ७०१, कुठे ८३७. विमान ताशी ८०० किमीने उडतं म्हणतात, मग तासाच्या आत पोहोचायला पाहिजे. तिकिटावर दीड तासाच्या वर आहे. खरं काय? लवकर सांगा.

सोनेगाव_रहिवासी: तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला हवाई, दुसरा समृद्धी महामार्गाचा, तिसरा रेल्वेचा. पण कोण जाणार, कुठून निघणार?

समृद्धीवाला: विमान कायले पाहिजे भाऊ? जून २०२५ पासून समृद्धी पूर्ण सुरू आहे. रात्री निघा, सकाळी मुंबई.

धामणगावकर: समृद्धी आमण्याला, भिवंडीजवळ संपते. पुढची ट्रॅफिक कोण मोजणार? विदर्भ एक्स्प्रेस पकडा, रात्रभर झोपून जा.

समृद्धीवाला: अन् कन्फर्म तिकीट कोण देऊन राहिलं?

कापूसपट्टी: गाडी, रेल्वे नको. मी विमानाचं विचारलं.

सोनेगाव_रहिवासी: तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जाऊन थांबेपर्यंतचा असतो. चढता-उतरताना वेग कमी असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दीत विमान वर घिरट्या घालतं. शिवाय हिवाळ्यात जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, त्यामुळे तेव्हा परतीला थोडं लवकर होतं. पण तुम्हाला मिनिटांचा हिशेब कशासाठी हवा?

बेलोरा_अपडेट: अमरावतीहून पण मुंबईचं विमान एप्रिल २०२५ ला सुरू झालं. एटीआर आहे, पंख्याचं, ताशी ५०० च्या आसपास. रोज नव्हतं, वार पाहून घ्या.

यवतमाळी: आमच्याकडे शकुंतला रेल्वे बंद पडली. वर्धा-नांदेड मार्गावर २०२४ ला कळंबपर्यंत गाडी आली. यवतमाळले कधी येते बाप्पा?

सोनेगाव_रहिवासी: त्याचा वेगळा धागा काढा.

कापूसपट्टी: बाबांना मुंबईला डॉक्टरांना दाखवायचं आहे. जेवणाआधी इन्सुलिन घेतात, जेवणाला उशीर झाला की साखर उतरते, घाम फुटतो. आम्ही पांढरकवड्याजवळचे. दुपारचं विमान बघतोय.

हिंगणघाटची_ताई: हे आधी सांगायचं ना दादा! मग दीड तास विसरा. पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटर, जाम चौक आणि बुटीबोरीचे ट्रक धरून साडेतीन तास ठेवा. विमानतळ वर्धा रोडलाच आहे, शहरात शिरावं लागत नाही. चेक-इनचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचा. मुंबईत उतरल्यावर सामान आणि टॅक्सी वेगळी. घरून निघाल्यापासून आठ-नऊ तास होतात.

धामणगावकर: म्हणूनच म्हणतो, रेल्वेत डबा उघडून केव्हाही जेवता येतं.

हिंगणघाटची_ताई: विमानातही डबा नेता येतो. माझ्या सासूबाईंना मी असंच नेते. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खाली सामानात टाकू नका, थंडीने गोठून खराब होऊ शकतं. विमान सुटायच्या वेळेवर इंजेक्शन देऊ नका, उशीर झाला तर पंचाईत. जेवण समोर आलं की मगच. इंजेक्शनची वेळ, मात्रा डॉक्टरांना फोन करून विचारा. खिशात ग्लुकोज असू द्या.

कापूसपट्टी: मग दुपारचं नको, संध्याकाळचं काढतो. बाबा घरीच जेवून निघतील, रात्रीचा डबा सोबत. त्यांना जास्त चालवत नाही, व्हीलचेअर तिथे गेल्यावर मिळते का?

सोनेगाव_रहिवासी: तिकीट काढतानाच मागा, मुंबईत उतरल्यावरही लागेल.