गच्चीची गळती आणि फेसबुकवरची वॉटरप्रूफिंगची जाहिरात

प्रेषक: अमळनेरकर

नमस्कार मंडळी,
अमळनेरचं घर गेल्या पावसाळ्यात जिन्याजवळ गळलं. आई-आप्पा दोघंच असतात तिथे. फेसबुकवर ‘जळगाव-धुळे-नंदुरबार, घरपोच वॉटरप्रूफिंग’ अशी जाहिरात सारखी दिसतेय. फोटो पाठवला, तर लगेच चौरस फुटाचा भाव आला. दहा वर्षांची गॅरंटी, आणि आजच निम्मे पैसे भरले तर घसघशीत सूट. क्यूआर कोडही आलाय. कोणी यांच्याकडून काम करून घेतलंय का?

प्रेषक: यावलचे नाना

भाऊ, पैसे टाकू नको.

गच्चीवर पाय न ठेवता भाव सांगणाऱ्याला काम करायचंच नसतं. जिन्याजवळ ओल दिसते म्हणून पाणी तिथूनच शिरतं असं नाही. बहुतेक वेळा ते कठड्याच्या कडेचा वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर उतार) फुटल्यामुळे, नाहीतर पाण्याच्या पाइपाभोवती किंवा टाकीखाली शिरतं आणि उतार मिळेल तिकडे जाऊन उतरतं. फोटोत हे काय दिसणार? आमचे वडील अशा माणसाला सरळ म्हणायचे, ‘आठे ये, वर चढ, मंग भाव सांग.’

जाहिरातीत तो पांढरा रंग मारताना दाखवतात ना? त्याने मे महिन्यात स्लॅब कमी तापतो, हे खरं. पण चिरा आणि वाटा आधी दुरुस्त न करता वरून नुसता रंग फासला तर गळती तशीच राहते. आणि धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं घर असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही, तिथे खारी मातीच टाकावी लागते.

त्या पेजची माहिती उघड. पेज कधी सुरू झालं, नाव किती वेळा बदललं, हे ‘पेज ट्रान्सपरन्सी’त दिसतं. काल-परवा उघडलेलं पेज दहा वर्षांची गॅरंटी देत असेल तर काय ते समज. बिलात जीएसटी लावत असतील तर 15 अक्षरी नंबर माग आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघ. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर 27 ने सुरू होतो. गावच्या गवंड्याकडे मात्र नंबर नसला तर बिचकू नको, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते.

प्रेषक: धुळ्याची ताई

नाना, गावचा गवंडीही काही देवमाणूस नसतो हो! आमच्याकडे ओळखीच्याच माणसाने उचल घेतली, वाळूचा ढीग दारात टाकला आणि दिवाळीपर्यंत फिरकला नाही. फरक एवढाच, की त्याचं घर माहीत होतं, सासरे जाऊन ओट्यावर बसले. म्हणून सामान आपण दुकानातून आणायचं आणि मजुरी काम होईल तशी द्यायची. शेवटचा हप्ता गच्चीवर पाणी तुंबवून ठेवल्यावर. निदान 24 तास, जमलं तर 48, आणि खालून छत कोरडं दिसलं तरच. धाब्यावर हे चुकूनही करू नका.

अजून एक. ‘बुकिंगचं अ‍ॅप’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली तर आप्पांना ती उघडू देऊ नका, त्याने फोनमधले ओटीपी जातात. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पैसे गेलेच असतील तर घरच्यांना लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला लावा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आली तर आली.

प्रेषक: अमळनेरकर

नाना, ताई, आभार. पेज उघडून बघितलं. आधी त्याच पेजवर साड्यांचा सेल होता! ‘आधी माणूस पाठवा, गच्ची बघा’ म्हटलं, तर ‘सर, ऑफर संपतेय’ एवढंच उत्तर, आणि मग ब्लॉक.

आप्पांनी शेजारच्यांचा गवंडी बोलावलाय, शनिवारी वर चढून बघणार आहे. वाटा फुटला असावा असा त्याचाही अंदाज. आता प्रश्न पाण्याचा. नळ किती दिवसांआड येतो ते तुम्हाला माहीतच आहे, गच्ची तुंबवायला टँकरच मागवावा लागेल. तिकडे सध्या टँकरचा काय भाव चाललाय, कोणी सांगेल का?