शेतकरी आणि गट यांचं नातं एका रकान्यात बसवू नका

पांढरकवडा_प्रोग्रामर
आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी ग्राहकांचा डेटाबेस करतोय. जुन्या एक्सेलमध्ये शेतकऱ्यासमोर ‘गट क्रमांक’ (जमिनीच्या तुकड्याचा नंबर) हा एकच रकाना आहे, आणि त्यात ‘१२, ११२, ४५/२’ असं स्वल्पविराम देऊन भरलंय. १२ शोधलं की ११२ वालेही येतात. माझं मत ठाम आहे: हा रकाना काढून टाकायचा. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, गटांचा वेगळा, आणि मधे दोघांना जोडणारा तिसरा. एका शेतकऱ्याचे चार गट असतात, तसा एका गटावर चार भावांचा हिस्साही असतो. महसूल खात्याच्या कागदांत हे आधीपासूनच आहे. सातबारा गटाचा, आठ-अ खातेदाराचा.

आर्णी_कृषीकेंद्र
भाऊ, तुमचं शास्त्र बरोबर असन, पण दुकानात कोन बसते? मृग लागला का सकाळपासून लाइन. पोरगं नाव टाकते, पाकिटं मोजते, बिल देते. त्यानं प्रत्येकाले ‘कोन्त्या गटासाठी?’ इचारत बसाचं का? मले उधारी कोनाकडं हाय ते समजलं पाह्यजे, अन् उधारी मानसावर असते, गटावर नाही. एक मुख्य खातेदार लावा, बाकी शेऱ्यात लिहा.

पांढरकवडा_प्रोग्रामर
मुख्य कोण, इथंच तर घोळ होतो. एका खरिपात सोयाबीनच्या एका लॉटची उगवण नीट नव्हती. ज्यांनी ज्यांनी ते पेरलं त्यांना फोन करायचे होते. एका गटासमोर म्हाताऱ्या वडिलांचं नाव होतं, बॅगा मुलाने नेल्या होत्या, आणि शेत बटईने तिसऱ्याकडे. फोन गेला वडिलांना, ते लेकीकडे वर्धेला. पेरणाऱ्याला कळेपर्यंत दुबार पेरणीची वेळ टळली होती. तो माणूस आमच्या यादीत कुठेच नव्हता, हे मला आजही खुपतं.

मालक की बटईदार, किती आर क्षेत्र, कोणता हंगाम, ही माहिती शेतकऱ्याचीही नाही आणि गटाचीही नाही. ती त्या दोघांमधल्या नात्याची आहे. ती ठेवायला तिसरा तक्ताच लागतो.

वर्धा_डेटाताई
तक्त्याला माझा पाठिंबा, पण घाई करू नका. गट क्रमांक गावापुरताच वेगळा असतो. १२ नंबर शेजारच्या गावातही आहे, म्हणून गावाचा कोड, गट आणि हिस्सा मिळूनच ओळख होते. जोडतक्त्याची किल्ली, म्हणजे ज्यांवरून प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची ते रकाने, फक्त ‘शेतकरी + गट’ ठेवलीत, तर तोच बटईदार पुढच्या वर्षी परत आला की नोंद नाकारली जाईल. हंगाम किल्लीत हवाच.

आणि गटाच्या तक्त्यात ‘मुख्य खातेदार’ वेगळा लिहू नका. एक नाव तिथे, दुसरं जोडतक्त्यात, मग खरं कोणतं? मुख्य दाखवायचाच तर जोडतक्त्यातल्या नोंदीवर खूण करा. एका घरात एकच मूल्य हा आग्रह तक्त्यांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या १९७० च्या मांडणीपासूनचा आहे, आणि तुमचा स्वल्पविरामाचा रकाना तोच मोडतो.

आर्णी_कृषीकेंद्र
बाप वारला, फेरफार होऊन पोरांचे नावं चढले, मंग जुनी नोंद मिटवाची का?

पांढरकवडा_प्रोग्रामर
नाही. तिला शेवटची तारीख घालायची. वडिलांच्या नावची जुनी बिलं तशीच दिसली पाहिजेत.

आर्णी_कृषीकेंद्र
हे पटलं. पन गट टाकल्याबिगर बिल निंघत नसन, तर माहा विरोध कायम हाय. ते घर रिकामं ठेवू द्या, रात्री भरू.

वर्धा_डेटाताई
रात्री कोणी भरत नाही, दादा. मी तीन ठिकाणी पाहिलंय. नाव टाकलं की मागच्या हंगामातले त्याचे गट समोर येऊ द्या, पोराने एक टिचकी मारायची. नवीन गट असेल तेव्हाच विचारायचं.

आर्णी_कृषीकेंद्र
एक टिचकी चालन. पन मृगाच्या आधी एक दिवस माह्या दुकानात बसून करून दाखवा, मंगच हो म्हनीन.