मदत हवी आहे: हाशिमोटो, सेलेनियमच्या गोळ्या आणि बहिणीचा न जुळणारा रिपोर्ट

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ३१, तीन वर्षांपासून हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते तो आजार. सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, मग तासभर चहासुद्धा नाही, हे ती काटेकोर पाळते. टीएसएच (थायरॉईडची मुख्य रक्तचाचणी, हार्मोन जास्त झालं की हा आकडा उतरतो) आटोक्यात होता, पण केस गळणं थांबेना आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीतल्या टीपीओ या एन्झाइमवर उलटलेल्या अँटीबॉडी) ६०० च्या वर. पाच महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन आहारसल्लागाराने तिला सांगितलं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेरॉक्साइडसारख्या पदार्थांमुळे पेशींवर येणारा ताण) कमी केला की अँटीबॉडी आपोआप खाली येतील. तेव्हापासून सेलेनियम या खनिजाची गोळी सुरू आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी माहेरी होतो. आईकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. रात्री शेजारी पडून बोलत होतो, तर तिच्या श्वासाला चक्क लसणाचा वास. "बाहेर काय खाऊन आलीस गं?" तर म्हणे, "ताई, चार दिवस आईच्याच हातचं खातेय." उजेडात तिची नखं पाहिली. टोकं पापुद्र्यासारखी सुटत होती.

सकाळी तिचे सगळे डबे टेबलावर मांडले आणि पेन घेऊन बसले. सेलेनियमची गोळी २०० मायक्रोग्रॅम. मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणखी ७०. वर रोज चार ब्राझील नट्स. एका बीमध्ये ५० ते ९० असू शकतं, जिथे उगवली त्या मातीवर अवलंबून. म्हणजे दिवसाला ४७० ते ६३०! मोठ्या माणसाला ५५ पुरतं. अमेरिकेत वरची मर्यादा ४०० आहे, युरोपात २५५. श्वासाला लसणाचा वास, नखं तुटणं, केस गळणं ही सेलेनियम जास्त झाल्याचीच लक्षणं आहेत. ज्या केसांसाठी हे सुरू केलं तेच यामुळे गळत असतील, या विचाराने मला झोप लागत नाहीये.

सल्लागाराचं बोलणं अगदीच हवेतलं होतं असंही नाही. थायरॉईड ग्रंथी हार्मोन बनवताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, जखम धुवायला वापरतात तेच. त्याच्या जोरावर टीपीओ हे एन्झाइम आयोडीन जोडतं. उरलेलं पेरॉक्साइड निकामी करणारं एक एन्झाइम सेलेनियमवर चालतं. ते कमी पडलं की पेशींना इजा होते, आणि हाशिमोटोत आधीच ग्रंथीत दाह असतो. २००२ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासात तीन महिने रोज २०० मायक्रोग्रॅम दिल्यावर टीपीओ अँटीबॉडी घटल्या होत्या. पण कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात सगळे अभ्यास तपासून पुरावा अपुरा ठरवला गेला. अँटीबॉडीचा आकडा उतरणं वेगळं आणि माणसाला बरं वाटणं वेगळं.

आता खरी अडचण. ताज्या रिपोर्टमध्ये टीएसएच ०.१ आणि एफटी४ (रक्तातलं थायरॉईड हार्मोन) वाढलेला, म्हणजे कागदावर थायरॉईड जास्त. डॉक्टरांनी गोळी ७५ वरून ५० केली. पण हिला तर थंडी वाजते, पोट साफ होत नाही, दुपारी डोळे मिटतात. थायरॉईड जास्त झाल्याचं एकही लक्षण नाही. केसांसाठी ती बायोटिनच्या (एक ब जीवनसत्त्व) गमीही खाते, रोज १० मिलिग्रॅम. यातलं काहीच डॉक्टरांना सांगितलेलं नाही, "त्या काय औषधं आहेत का?" म्हणून.

बायोटिनमुळे रिपोर्ट चुकल्याचा कुणाला अनुभव आहे का? चाचणीआधी किती दिवस बंद करायचं? आणि सेलेनियम एकदम थांबवलं तर चालतं का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तुमची शंका रास्त आहे. रक्त तपासायच्या बऱ्याच मशीनच्या किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि एफटी४ खोटा जास्त दिसतो, नेमका तुमच्यासारखा. सगळ्या किटना हे लागू नाही, म्हणून लॅबला फोन करून विचारा. किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. रोजचा डोस मोठा असेल तर आम्ही आणखी थांबायला सांगतो. गोळीचा डोस मात्र स्वतःहून परत वाढवू नका. डॉक्टरांना आजच कळवा, बहुतेक ते चाचणी पुन्हा करतील. सेलेनियमची सवय लागत नाही, थांबवायला हरकत नसते. त्या नट्सही बंद करा, त्या गणितात धरायच्या राहून जातात.

धागाकर्ती

खूप खूप आभार. डॉक्टरांशी फोनवर बोललो, त्यांनी गमी आणि सेलेनियम दोन्ही थांबवायला सांगितलं. सोमवारी पुन्हा रक्त द्यायचं आहे. जाताना सगळे डबे पिशवीत घालून नेणार आहोत, लेबलं त्यांनाच वाचू देत. रिपोर्ट आला की इथे लिहिते.