ऑर्सन वेल्स : रेडिओचा अनुभव स्वतंत्र चित्रपटांत कितपत उपयोगी पडला?

ध्वनिवेडा : ऑक्टोबर १९३८ मध्ये मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य अमेरिकन दिग्दर्शक आणि नट वेल्स यांनी बातमीपत्राच्या थाटात सादर केले, त्या कार्यक्रमाचे निवेदकही तेच होते, आणि त्या गाजावाजानंतर १९३९ साली आरकेओ या हॉलिवूडच्या स्टुडिओने त्यांना करारबद्ध केले, इथपर्यंतचा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु पुढे स्टुडिओबाहेर, स्वतःच्या पैशांवर चित्रपट काढताना ही रेडिओची तालीम त्यांच्या कामी आली का?

संकलक : पैसे नसताना तर ती अधिकच कामी आली, असे माझे मत आहे. आरकेओसाठी केलेल्या 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) पालक थॅचर लहानग्या केनला नाताळच्या शुभेच्छा देतो आणि नववर्षाच्या शुभेच्छांनी तेच वाक्य पूर्ण होते, तेव्हा केन तरुण झालेला असतो. मधली सगळी वर्षे एका वाक्याने ओलांडली. ध्वनीने दृश्ये सांधण्याची ही सवय शेक्सपिअरच्या नाटकावरील 'ऑथेल्लो' या चित्रपटाच्या वेळी उपयोगी पडली, कारण इटालियन निर्मात्याचे दिवाळे निघाल्यामुळे ते चित्रीकरण मोरोक्को आणि इटलीत तुकड्यातुकड्यांनी काही वर्षे रखडले, आणि इतरांच्या चित्रपटांत भूमिका करून मिळालेल्या मानधनावर वेल्स ते पुढे रेटत राहिले. एका ठिकाणी सुरू झालेला प्रसंग कित्येक महिन्यांनी दुसऱ्याच देशात पुरा होई. पोशाख वेळेवर आले नाहीत म्हणून खुनाचा एक प्रसंग त्यांनी हमामखान्यात, अंगाला पंचे गुंडाळलेल्या नटांवर चित्रित केला, हा किस्सा तर प्रसिद्धच आहे. १९५२ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला विभागून मिळाले.

जुना श्रोता : संकलक यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. रेडिओवर वेल्स यांच्या हाताशी कसलेले तंत्रज्ञ होते, आणि 'केन'चे संगीतकार बर्नर्ड हर्मनसुद्धा सीबीएस रेडिओवरचेच सहकारी. युरोपात हे पाठबळ उरले नाही. त्यामुळे ज्याचे कान इतके तयार, त्याच्याच चित्रपटांत ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि 'मिस्टर अर्काडिन'मध्ये तर अनेक पात्रांच्या तोंडी खुद्द वेल्स यांचाच आवाज ऐकू येतो. १९९२ मध्ये 'ऑथेल्लो'ची सुधारित प्रत काढताना संगीत नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले आणि त्यावरही बरीच टीका झाली.

ध्वनिवेडा : मग ते स्टुडिओतच का राहिले नाहीत?

संकलक : 'केन'च्या करारात अंतिम संकलनाचा अधिकार त्यांच्याकडे होता. 'द मॅग्निफिसंट अँबर्सन्स'च्या (१९४२) वेळी तो राहिला नव्हता. ते ब्राझीलमध्ये असताना आरकेओने चित्रपट चाळीसहून अधिक मिनिटांनी कापला आणि शेवटही बदलला. ओठांची विसंगती मला त्या कापाकापीपेक्षा सुसह्य वाटते.

जुना श्रोता : हे मात्र मान्य. 'चाइम्स ॲट मिडनाइट'मधला (१९६५) लढाईचा प्रसंग आधी डोळे मिटून ऐकावा. फौज मोजक्या लोकांची आहे, याची शंकाही येत नाही.