यूकेची ऑफर यंदाच घ्यावी की पुढं ढकलावी? माहितगारांनी सांगा

बेदाणा_तासगाव
नमस्कार मंडळी, बहिणीसाठी विचारतोय. तिनं सांगलीतून बीएस्सी मायक्रो केलंय, शेवटच्या सेमचा निकाल अजून लागायचाय. इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांची एमएस्सीची ऑफर आलीय, दोन्ही सप्टेंबर २०२६ च्या आणि दोन्ही कंडिशनल, म्हणजे एकूण ६० टक्के आणि फायनल मार्कलिस्ट पायजे. त्यातल्या एकीत थोडी स्कॉलरशिप पण दिलीय. डिपॉझिटची तारीख एकाची जूनअखेर, दुसऱ्याची जुलैच्या मध्यावर.

अडचण पैशाची. मार्चमध्ये वडिलांची मिरजेत बायपास झाली, त्यात बरंच गेलं, आणि यंदाचा बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजला आहे, दर बघून सौद्याला काढायचा म्हणून थांबलोय. एज्युकेशन लोनची फाईल बँकेत आहे पण हलत नाही. एजंट म्हणालाय दोन्हीकडं डिपॉझिट भरून टाका नाहीतर ऑफर कॅन्सल, आणि पुढच्या वर्षी गेली तर शिकून झाल्यावरचा कामाचा व्हिसा कमी मिळणार. आई म्हणते वर्षभर थांबूदे. बहिणीला भीती की थांबलं की सगळं परत पहिल्यापासून.

डिफर केलं म्हणजे नेमकं काय होतं? जागा राखून ठेवतात का? आणि दोन्ही ऑफर हातात ठेवल्या तर चालतंय का? इथं कुणी यातनं गेलं असेल तर जरा सविस्तर सांगा की.

वारणाकाठ
दोन ठिकाणी डिपॉझिट भरू नका दादा. ऑफर हातात किती पण ठेवता येतात, पैसे एकाच जागी भरायचे. बाकी जाणकार सांगतीलच.

वाईची_मृणाल
मी मूळची वाईची, इंग्लंडमध्ये एका विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसात काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहिते, वाचा.

आपल्याकडच्या कॅप राऊंडची सवय असली की हे डोक्यात बसायला वेळ लागतो. इंजिनिअरिंगला पहिल्या राऊंडला पहिला पर्याय लागला की सिस्टीमच सीट फ्रीज करते. तिकडं मास्टर्सला असं काही नाही, तुम्ही थेट विद्यापीठाला अर्ज केलाय आणि दोन विद्यापीठांना एकमेकांचं काही कळत नाही. (बारावीनंतरच्या डिग्रीला वेगळं, तिथं यूकास या सामायिक अर्जाच्या पोर्टलमधून पाच ठिकाणी अर्ज करायचा आणि शेवटी एक फर्म, म्हणजे पक्की पसंती, आणि एक इन्शुरन्स, म्हणजे राखीव, एवढंच धरता येतं. तुमच्या बहिणीला ते लागू नाही.) त्यामुळं दोन्ही ऑफर धरून ठेवल्या तर त्यात चुकीचं काही नाही. फक्त जिथं जायचं नाही तिथं निर्णय झाला की त्याच दिवशी नकार कळवा, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळते.

आता कंडिशनल म्हणजे काय ते नीट समजून घ्या. अटी पुऱ्या झाल्याचा कागद ठरल्या तारखेपर्यंत पोचला आणि तुम्ही डिपॉझिट भरलं तर विद्यापीठ मागं फिरू शकत नाही. ऑफर काढून घेतात ती तीनचार कारणांनी. टक्के कमी पडले, कागद किंवा डिपॉझिट तारखेच्या आत आलं नाही, अर्जात काही खोटं निघालं, किंवा तो कोर्सच बंद झाला, आणि अशा वेळी त्यांनी दुसरा पर्याय किंवा पैसे परत द्यायला पाहिजेत. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त ऑफर गेल्या त्या तारखेमुळं, मार्कामुळं नाही. तारीख चुकणारच असं दिसलं तर तारखेच्या आधी लिहा. निकाल अजून नाही, विद्यापीठाकडून उशीर आहे, मुदत वाढवून द्या, एवढं साधं लिहिलं तरी बऱ्याचदा आठदहा दिवस मिळतात. तारीख गेल्यावर लिहिलं तर समोरच्याच्या हातात काही उरत नाही, आणि कोर्स भरला असेल तर विषयच संपला.

डिफर म्हणजे तीच ऑफर पुढच्या प्रवेशासाठी नव्यानं देणं. हा हक्क नाही, विनंती असते, आणि काही कोर्सला सरळ नाही म्हणतात. मिळालं तर नवीन ऑफर लेटर येतं आणि त्यात फी नव्या वर्षाची असते, जी सहसा वाढलेली असते. स्कॉलरशिप आपोआप पुढं जात नाही, पुष्कळदा परत अर्ज करावा लागतो. म्हणून मेलमध्ये चार गोष्टी स्पष्ट विचारा: जागा पक्की राहणार का, फी कुठल्या वर्षाची, स्कॉलरशिपचं काय, आणि आत्ता भरलेलं डिपॉझिट पुढं धरणार का. लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपया पाठवू नका. फोनवर कुणी गोड बोललं ते धरू नका.

आणि आयईएलटीएस कधी दिलीय ते सांगा. स्कोअर दोन वर्षंच चालतो.

बेदाणा_तासगाव
ताई लई आभार. आयईएलटीएस ऑगस्ट २०२५ ला दिलीय, ६.५ आहे.

वाईची_मृणाल
मग ती ऑगस्ट २०२७ ला संपते, आणि पुढच्या वर्षीचा कोर्स सप्टेंबर २०२७ ला सुरू. काही विद्यापीठं कोर्स सुरू व्हायच्या दिवशी स्कोअर चालू पायजे म्हणतात. हे पण त्याच मेलमध्ये विचारा, नाहीतर डिफर करून परत परीक्षेची फी जायची.

मिरज_जंक्शन
मी बँकेत आहे, म्हणून पैशाच्या बाजूचं सांगतो. ऑफरपेक्षा तुमचं गाडं तिथंच अडकणार आहे.

व्हिसाला उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरतात, म्हणजे लंडनबाहेर नऊ महिन्यांचे १०,५३९ झाले. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पायजे, मधे एक दिवस जरी कमी झाली तरी गेलं, आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या ३१ दिवसांच्या आतली पायजे. खातं मुलीचं किंवा आईवडिलांचं. मामा, काका, आजोबा यांच्या खात्यातलं काही धरत नाहीत, आपल्याकडं हे पुष्कळांना माहीतच नसतं आणि मामाची एफडी घेऊन लोक येतात. वडिलांच्या खात्यावर दाखवणार असाल तर मुलीचा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र लागतं. दाखल्यावर मुलीचं नाव आहे का आजच बघा, आपल्या भागात जुन्या दाखल्यांवर नुसतं "स्त्री" असतं, नावाचा रकाना मोकळा. ते ग्रामपंचायतीतनं दुरुस्त करून घ्यायला वेळ जातो.

दुसरं, पैसे पतसंस्थेत असतील तर त्याच्यावर विसंबू नका. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, आणि व्हिसावाल्यांना संस्थेची खातरजमा करता आली नाही तर ते पैसे मोजतच नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकेत वळते करा आणि मग २८ दिवस मोजा.

आता बेदाण्याचा हिशोब मांडा. समजा जुलैच्या मध्यावर सौदा झाला, पट्टी हातात यायला अजून काही दिवस, त्यावर २८ दिवस, म्हणजे ऑगस्टचा मध्य उलटला. मग अर्ज, आणि निकालाला साधारण तीन आठवडे. तोवर कोर्स सुरू व्हायची वेळ येऊन ठेपेल. लोनचं तसं नाही. मान्यताप्राप्त बँकेचं मंजुरीपत्र मुलीच्या नावानं असेल तर २८ दिवसांचा नियम त्याला लागत नाही, पत्र सहा महिन्यांच्या आतलं असलं की झालं. म्हणून फाईल का अडलीय ते शाखेत जाऊन बसून विचारा. शेतजमीन तारण दिली असेल तर तेच कारण असणार, एज्युकेशन लोनला बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा घर लागतं.

साताऱ्याचा_पोरगा
मी मागच्या वर्षीच आलोय इकडं, माझं मत जरा वेगळं आहे. एकदम वर्षभर ढकलण्याआधी जानेवारीचा प्रवेश आहे का ते विचारा. बऱ्याच एमएस्सी जानेवारीत पण सुरू होतात. चार महिने मिळतात, बेदाणा पण विकून होतोय, वडिलांची तब्येत पण सावरते, आयईएलटीएस पण चालते. तोटा एवढाच की सगळे विषय जानेवारीत नसतात आणि थंडीत अंधारात खोली शोधायची म्हणजे सोपं नाही, ते आधी ठरवूनच निघायचं.

आणि एजंटनं व्हिसाचं जे सांगितलंय त्याला घाबरू नका. ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिकून झाल्यावरचा तो कामाचा व्हिसा, दोन वर्षांवरनं १८ महिन्यांवर आणलाय हे खरं, पण ते १ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी अर्ज करणाऱ्यांना. बहीण यंदा सप्टेंबरला गेली तरी तिचा एक वर्षाचा कोर्स २०२७ लाच संपणार, म्हणजे यंदा काय, पुढच्या वर्षी काय, १८ महिनेच. त्या कारणासाठी घाई करायची काही गरज नाही.

वाईची_मृणाल
बरोबर सांगितलंत. आणि उशिरात उशिरा कॅस, म्हणजे विद्यापीठाकडून मिळणारं प्रवेशाचं कन्फर्मेशन, घेऊ असा विचार करू नका. व्हिसा अर्जाला ते लागतं, आणि अटी पुऱ्या झाल्याशिवाय विद्यापीठ देत नाही. नाकारलेल्या व्हिसांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेवर गेलं तर विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी घ्यायचं लायसन्स अडचणीत येतं अशी पद्धत आहे. २०२५ पर्यंत ती मर्यादा १० टक्के होती, आणि त्या वर्षी सरकारनं ती आणखी खाली आणायचं मांडलं. त्यामुळं सगळे सावध झालेत, कॅसच्या आधी व्हिडिओ मुलाखत घेतात, पैशाचे कागद स्वतः बघतात, आणि शेवटच्या तारखेनंतर कितीही विनवलं तरी देत नाहीत. मुलाखतीला बहिणीनं स्वतःच्या शब्दांत बोलावं, पाठ केलेलं लगेच ओळखू येतं.

कराड_स्टँड
मधेच विचारतो, माझ्या भाच्याला जर्मनीचं ॲडमिशन आलंय, तिथं पण असंच ढकलता येतं का?

साताऱ्याचा_पोरगा
जर्मनीत बहुतेक ठिकाणी नाही दादा. पुढच्या सत्रासाठी परत अर्ज करावा लागतो. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या शिक्षणाच्या कागदांच्या पडताळणीचं, एकदा काढलेलं असतं ते मात्र परत काढावं लागत नाही.

बेदाणा_तासगाव
मंडळी, आज दिवसभर यातच होतो. एजंटकडं जाऊन पोर्टल उघडून बघितलं तर अर्जात बहिणीचा ईमेलच नाही, ऑफिसचा ईमेल दिलाय. विद्यापीठाकडनं तीन मेसेज आलेले, एकात मुदत वाढवून पायजे का असं त्यांनीच विचारलेलं, आम्हाला पत्ताच नव्हता.

वाईची_मृणाल
हे खूप जणांच्या बाबतीत होतं, आणि मला याचा फार राग येतो. ऑफर बहिणीच्या नावावर आहे, ती तिची आहे. उद्या सकाळीच तिनं स्वतःच्या ईमेलवरून ॲप्लिकेशन नंबर आणि पासपोर्टवरचं नाव घालून लिहावं की यापुढं सगळा पत्रव्यवहार या पत्त्यावर करा. पोर्टलचा पासवर्ड एजंटकडून घ्या, नाही दिला तर विद्यापीठ बदलून देतं. एजंट राहिला तरी चालेल, पण प्रत्येक पत्र आधी तिला दिसलं पाहिजे. अर्जाबरोबर लावलेले कागद पण एकदा सगळे उघडून बघा, तिथं तिचेच खरे कागद आहेत ना.

मिरज_जंक्शन
आणि टीबी टेस्ट आत्ता करू नका. मान्यता असलेल्या सेंटरलाच करावी लागते, सांगलीतला साधा एक्सरे चालत नाही, आणि सर्टिफिकेट सहाच महिने टिकतंय. जानेवारीला जायचं झालं तर सप्टेंबरनंतर करा.

बेदाणा_तासगाव
पासवर्ड मिळाला. बहिणीनं स्वतः बसून दोन्हीकडं मेल टाकलेत. स्कॉलरशिपवाल्याला विचारलंय की जानेवारीला हा कोर्स आहे का आणि स्कॉलरशिप तशीच राहील का, दुसऱ्याला डिपॉझिटची मुदत मागितलीय. शाखेत पण जाऊन आलो, शेतीचाच उतारा अडलाय, आता विश्रामबागच्या घराचे कागद देतोय, आई तयार झालीय. एक राहिलं, समजा डिपॉझिट भरलं आणि पुढं व्हिसाच नाकारला तर?

वाईची_मृणाल
नकाराचं पत्र दाखवलं की बहुतेक विद्यापीठं परत करतात, काही जण थोडी रक्कम कापून घेतात. खोट्या कागदामुळं नाकारला असेल तर नाही देत. आणि बऱ्याच ठिकाणी ऑफर स्वीकारल्यापासून १४ दिवसांत तुम्हीच रद्द केलं तरी पैसे मिळतात. ऑफर लेटरबरोबर अटींची पीडीएफ असते, त्यात डिपॉझिट आणि रिफंडचं पान आहे, ते पैसे भरायच्या आधी दोघांनी मिळून वाचा, आणि काही कळलं नाही तर त्या पानातलं वाक्य इथं टाका, मी रात्री बघते.